‘बदलती जमीन’ भूविज्ञान संच: पैसे ट्रेचे द्या, दगड नागपूरचे घ्या

सीताबर्डी आणि महालातल्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत दोन हजारांच्या आतबाहेर मिळणारा हा संच. खोक्यावरचं नाव दुकानागणिक बदलतं, आतला माल बहुतेक तोच. वीस दगड-खनिजांची पेटी, चाचण्यांचं सामान, एक उथळ प्लॅस्टिकचा ट्रे, सोबत दोन किलो रेती, माती बसवून पाहायला दोन बरण्या, विदारणाच्या, म्हणजे खडक जागच्या जागी झिजण्या-फुटण्याच्या, प्रयोगांची एक पिशवी, नैसर्गिक संपत्तीची पत्त्यांची जोडी आणि मराठी पुस्तिका. वयोगट ८ ते १४ लिहिलेला आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. ट्रे उत्तम आहे आणि खरं तर पैसे त्याचेच आहेत. चाचण्यांचं सामान ठीक. दगडांची पेटी कमजोर, विदारणाची पिशवी नागपुरात जवळपास निरुपयोगी आणि पत्ते तर काही ठिकाणी चक्क चुकीचे. पण नागपूरसारख्या गावात राहणाऱ्याने पेटी कमजोर निघाली म्हणून हळहळायचं कारण नाही. पश्चिमेला काळा पाषाण (बेसाल्ट), पूर्वेला नाईस हा पट्टेदार खडक, उत्तरेला कामठीचा वालुकाश्म आणि कोळसा, रामटेक-मनसरकडे संगमरवर, अभ्रकाचे खडक आणि मँगनीज. एका जिल्ह्यात एवढी विविधता फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. संचात जे उणं आहे ते बहुतेक सगळं तासाभराच्या अंतरावर पडलेलं आहे.

ट्रेपासून सुरू करू. साधारण दोन फूट लांब, फूटभर रुंद, तीन इंच खोल. प्लॅस्टिक जाड आहे आणि ओल्या रेतीने भरल्यावरही मधून वाकत नाही. स्वस्त ट्रे इथेच मार खातात, कारण तळ वाकला की उताराचा सगळा हिशेब बिघडतो. सोबत दिलेली दोन किलो रेती मात्र थट्टाच आहे. ट्रेचा वरचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे ४० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद, ४ सेंमी जाडीने भरायचा तर ४,८०० घन सेंमी रेती लागते. कोरडी रेती घन सेंमीला दीड ग्रॅमच्या थोडी वर भरते, म्हणजे साडेसात-आठ किलो झाली. दोन किलोत जेमतेम एका सेंटिमीटरचा थर होतो. एवढ्या पातळ थरात पाणी लगेच प्लॅस्टिकच्या तळाला टेकतं आणि तिथून आडवं सरकतं. दरी कोरलीच जात नाही, रेती नुसती पुसली जाते. ‘आमच्या ट्रेत नदी होत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

बांधकामावरची साधी नदीची रेती चालते. रव्याच्या चाळणीने चाळा, खाली पडेल ती वापरा. वर राहिलेले खडे बाजूला काढा. मग बादलीत तीन-चार पाण्यांनी धुवा. न धुता वापरली तर पहिल्याच धारेला पाणी गढूळ होतं आणि खालच्या डबक्यात त्रिभुज प्रदेश कसा वाढत जातो ते दिसत नाही. मुख्य गंमत तीच, ती गढूळ पाण्यात वाया जाते. नदीचे काठ उभे राहून मग ढासळताना दाखवायचे असतील, तर दुसऱ्या फेरीला त्याच रेतीत दीड वाटी चाळलेली पोयट्याची माती मिसळा. नुसत्या एकसारख्या मापाच्या रेतीत काठ तयार होण्याआधीच विरघळल्यासारखे खाली बसतात.

पुस्तिकेत ‘ट्रे तिरका ठेवून पाणी सोडा’ एवढंच आहे. किती तिरका आणि किती पाणी, यावर सगळं अवलंबून असताना ते सोडून दिलं आहे. ६० सेंमीच्या ट्रेचं वरचं टोक ३ सेंमी उचललं की विसाला एक असा उतार मिळतो. नदी वळणं घेते, फाटे फुटतात, मधे रेतीची बेटं होतात. ६ सेंमी उचललं की दहाला एक. प्रवाह सरळ आणि खोल जातो. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की डोंगरातली नदी आणि मैदानातली नदी यांतला फरक आठ वर्षांच्या मुलालाही न सांगता कळतो. ८-१० सेंमीच्या वर जाऊ नका. भिजलेली रेती सगळीच्या सगळी एकदम खाली घसरते. तेही बघण्यासारखं आहे, पण ती नदी नव्हे, दरड.

पाणी सोडण्याआधी रेती पूर्ण भिजवून घ्या. कोरड्या रेतीवर सोडलेलं पहिलं लिटरभर पाणी आत मुरतं, वर काहीच वाहत नाही आणि मुलं कंटाळून नळ मोठा करतात. मग एकदम लोंढा येतो. धार मिनिटाला ३०० ते ५०० मिली असावी. सलाईनची नळी लावायचा सल्ला काही शिक्षक देतात, तिची धार यासाठी बारीक पडते. मत्स्यालयाची नळी आणि चिमटा बरा. बाटली उपडी धरली तर पाणी कमी होत जाईल तशी धारही मंदावते आणि शेवटी जे दिसतं ते उतारामुळे की धार कमी झाल्यामुळे, हे सांगता येत नाही. यावर जुना उपाय आहे. दोन लिटरच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडून नळी बसवा. झाकणाला भोक पाडून त्यातून एक स्ट्रॉ आत सोडा, तिचं खालचं टोक बाहेरच्या नळीपेक्षा ५-६ सेंमी वर राहू द्या आणि झाकण एम-सीलने हवाबंद करा. आता हवा फक्त स्ट्रॉमधूनच आत येते. बाटलीतलं पाणी स्ट्रॉच्या टोकाखाली जाईपर्यंत धार एकसारखी राहते, कारण दाब पाण्याच्या वरच्या पातळीवर नाही तर स्ट्रॉच्या टोकावर ठरतो. झाकणातून थोडी जरी हवा गळली तरी हे बिघडतं. स्ट्रॉतून बुडबुडे येत असतील तर ठीक चाललंय.

ट्रेचं भोक अगदी तळाला दिलं आहे, ही रचनेतली चूक आहे. रेती तिथे जाऊन अडकते आणि खाली पाणी साठून राहत नाही. आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा. बाहेर कोपराच्या आकाराची नळी बसवून तिचं तोंड तळापासून २ सेंमी वर आणा. खाली २ सेंमी खोल डबकं कायम राहतं, तो तुमचा समुद्र. दहा-पंधरा मिनिटांनी त्रिभुज प्रदेश चांगला वाढला की नळीचं तोंड खाली करून डबकं रिकामं करा आणि धार चालू ठेवा. नदी आपण साठवलेला गाळ पुन्हा कापायला लागते आणि तो काप खालून वर सरकत जातो. समुद्राची पातळी उतरली किंवा जमीन उचलली गेली तर काय होतं, हे यापेक्षा सोपं करून दाखवता येत नाही. पुस्तिकेत या प्रयोगाचा उल्लेखही नाही. दर दोन मिनिटांनी बरोबर वरून मोबाइलने फोटो काढा. तिरके काढलेले फोटो शेजारी ठेवून तुलना होत नाही.

नागपूरच्या मुलांना याच ट्रेवर आणखी एक गोष्ट दाखवायलाच हवी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे थोड्या तासांत झालेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. घरोघरी आठवण आहे. ट्रेच्या मधोमध मातीचा बांध घाला, एका कडेला प्लॅस्टिकच्या तुकड्याचा सांडवा ठेवा आणि खालच्या नदीपात्राच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावून पात्र ३ सेंमी रुंद करा. त्याच धारेला पाणी पात्रातून जातं. मग ठोकळे जवळ आणून पात्र दीड सेंमी करा, धार तीच ठेवा. पाणी ठोकळ्यांच्या वरून दोन्हीकडे पसरतं. तलाव तोच, पाणी तेवढंच, फरक पात्राच्या रुंदीचा. नंतर सांडवा काढून पाणी बांधावरून जाऊ द्या. एवढीशी खाच पडते आणि मिनिटाभरात बांध फुटतो, कारण खाच जितकी खोल तितकं तिथे पाणी जास्त आणि पाणी जास्त तितकी ती आणखी खोल. मातीच्या धरणाला दगडी सांडवा का हवा, ते मुलांना विचारा. स्वतःच सांगतील.

धुपेचा प्रयोग पुस्तिकेत बरा दिला आहे, फक्त पाणी चुकीच्या पद्धतीने सोडायला सांगितलं आहे. पाऊस थेंबांनी पडतो, धारेने नाही. मातीचा कण सुटा करायचं काम थेंबाचा मार करतो, वाहतं पाणी त्याला पुढे नेतं. बाटलीच्या झाकणाला सुईने दहा-बारा भोकं पाडा आणि फूटभर उंचीवरून अर्धा लिटर पाणी शिंपडा. ट्रेचे पुठ्ठ्याला प्लॅस्टिक चिकटवून तीन उभे पट्टे करा: एक उघडा, एकावर पोत्याचा तुकडा, एकावर मुळांसकट हरळीचा थर. तिन्हींतून वाहून आलेलं पाणी वेगवेगळ्या काचेच्या ग्लासांत धरा. उघड्या पट्ट्याचं पाणी चहासारखं येतं. बाकी दोन्ही बरीच स्वच्छ. हा प्रयोग रेतीवर करू नका, मातीवर करा.

मातीचा विषय निघालाच आहे तर बरण्यांकडे वळू. बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटाभरात खाली बसते, मधल्या मापाची गाळमाती काही तासांत, चिकणमाती एक-दोन दिवसांतही पूर्ण बसत नाही. प्रत्येक थराची उंची मोजली की मातीचा पोत समजतो. इथे पुस्तिकेत ठळक चूक आहे: ‘थर लवकर बसावेत म्हणून चिमूटभर मीठ घाला.’ मिठाने थर लवकर बसतात हे खरं, पण ते चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात म्हणून. त्या गुठळ्या गाळमातीबरोबरच खाली येतात आणि दोन थर एक होऊन जातात. हवंय नेमकं उलट. चिमूटभर धुण्याचा सोडा घाला, रात्रभर भिजू द्या, मग पाच मिनिटं जोरात हलवा. विदर्भातल्या काळ्या मातीला तर हे न करता उत्तर मिळतच नाही. तिच्या चिकणमातीचे गोळे नुसत्या हलवण्याने सुटत नाहीत आणि पाहणाऱ्याला ते रेतीसारखे वाटतात. आधी चुनखडीचे पांढरे खडे वेचून घ्या. त्यांच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात, तो वेगळा धडा.

दुसऱ्या बरणीत मुरमाड माती घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. काळ्या मातीत चिकणमातीचा थर अर्ध्याहून जास्त निघाला तर आश्चर्य नको. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. ते बघायला ट्रेच्या एका कोपऱ्यात ३ सेंमी जाडीचा काळ्या मातीचा चिखल पसरून एप्रिलच्या उन्हात चार दिवस ठेवा. नागपूरचं ऊन इथे फुकटचं उपकरण आहे.

त्या उन्हाचा विचार विदारणाची पिशवी भरणाऱ्याने केलेला नाही. पिशवीत प्लास्टर ऑफ पॅरिस आणि फुगे आहेत. फुग्यात पाणी भरून तो प्लास्टरमध्ये बसवायचा, फ्रीझरमध्ये ठेवायचा, बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि प्लास्टर तडकतं. विज्ञान बरोबर आहे, हिमालयात असंच होतं. नागपूरचा खडक मात्र कधी गोठत नाही. इथे काम करतात मे महिन्यात ४५ च्या वर जाणारा पारा, त्यानंतरचा धो धो पाऊस आणि पाण्यातली रासायनिक क्रिया. काळ्या पाषाणाच्या ठोकळ्यात भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात, बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि मधे गोल गोटा उरतो. त्या पापुद्र्यांचा शेवट मुरूम, मुरमाची पुढे काळी माती. रस्त्याचं नवीन खोदकाम कुठेही चालू असेल तिथे हे गोटे आणि भोवतालचे पापुद्रे कापात स्पष्ट दिसतात. लांबून बघा, कापाच्या खाली उभे राहू नका.

फुग्यांऐवजी दोन प्रयोग सुचवतो. संगमरवराचे तुकडे, मार्बलच्या दुकानाबाहेर पडलेले असतात तेच, २० ग्रॅम मोजून १०० मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, तेवढेच साध्या पाण्यात. दोन दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वजन करा. व्हिनेगरमधले दोन-तीन ग्रॅमने हलके होतील. चार टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरमधलं आम्ल जास्तीत जास्त सव्वातीन ग्रॅमच्या आसपास चुनखडी विरघळवू शकतं. घट थांबली म्हणजे दगड संपला असं नाही, आम्ल संपलं. काहीच घट झाली नाही तर तो तुकडा बहुधा डोलोमाइटचा आहे, त्यावर व्हिनेगर फार मंद चालतं. दुसरा प्रयोग: विटेचे धारदार तुकडे झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घालून पाचशे वेळा हलवा. कोपरे गोल होतात, तळाला लाल चिखल साठतो. नदीतला गोटा गुळगुळीत का, हा प्रश्न परत कोणी विचारत नाही. संचात यासाठी साखरेचे चौकोनी तुकडे दिले आहेत. ते मुंग्यांसाठी ठेवा.

आता दगडांची पेटी. नमुने दोन-अडीच सेंमीचे, म्हणजे सुपारीपेक्षा जरासे मोठे. एवढ्या तुकड्यात वालुकाश्माचे थर किंवा नाईसचे पट्टे दिसणं कठीण. ‘ग्रॅनाइट’ म्हणून ओट्याच्या फरशीचा पॉलिश केलेला तुकडा येतो. गुलाबी किंवा करडा असेल तर स्फटिक तरी दिसतात. काळा आला तर बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणत असले तरी बहुतेक वेळा तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, ग्रॅनाइट नव्हे. ‘दगडी कोळसा’ पाण्यात टाकून बघा. तरंगला तर तो लोणारी कोळसा, आणि मोडून पाहिलात तर त्यात लाकडाच्या रेषा दिसतील. खरा दगडी कोळसा पाण्यापेक्षा सव्वापटीहून जड, तो बुडतो. ‘हेमॅटाइट’ काळा, चकचकीत आणि चुंबकाला खटकन चिकटला तर तो कारखान्यात तयार केलेला मणी आहे. नैसर्गिक हेमॅटाइट चुंबकाला जेमतेम ओळख देतो आणि कसपाटीवर, म्हणजे खनिज घासून रेघेचा रंग बघायच्या खरखरीत पाटीवर, तपकिरी-लाल रेघ ओढतो. गॅलेना, म्हणजे शिशाचं धातुक, लहान मुलांच्या पेटीतून काढूनच ठेवा. हाताळल्यावर हात धुवा हे पुस्तिकेत आहे, पण अगदी शेवटच्या पानावर.

नंबरांचे कागदी स्टिकर महिनाभरात गळतात आणि मग वीस अनाथ दगड उरतात. व्हाइटनरचा छोटा ठिपका, वाळल्यावर त्यावर बारीक पेनाने आकडा, वरून पारदर्शक नेलपॉलिश. संग्रहालयांतही साधारण हीच रीत.

चाचण्यांच्या सामानात कसपाटी, लोखंडी खिळा, काचेची पट्टी, चुंबक, भिंग आणि रिकामी ड्रॉपर बाटली आहे. बाटलीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल भरायला सांगितलंय. घरी व्हिनेगर पुरे, फक्त दगडाची पूड करून त्यावर टाका म्हणजे मंद क्रियाही दिसते. काठिण्याच्या चाचणीत हमखास होणारी चूक अशी: मऊ खनिजाने काचेवर पांढरी रेघ उमटली की मुलं ‘ओरखडा पडला’ लिहितात. ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली तर ती खनिजाचीच पूड आहे. काठिण्याच्या एक ते दहा या मापात नख अडीच, खिळा साडेचारच्या आसपास, काच साडेपाच. एवढ्या तिघांवर नखाने ओरखडणारी शंखजिरं आणि जिप्सम, खिळ्याने ओरखडणारं कॅल्साइट आणि काचेवर ओरखडा काढणारी फेल्डस्पार आणि गारगोटी असे तीन गट वेगळे ओळखता येतात. चाचणी नेहमी ताज्या फुटलेल्या बाजूवर करा, हवा-पाणी लागलेल्या पृष्ठावर नको. आणि गारगोटी कसपाटीवर घासून ‘कस पांढरा’ लिहू नका. पाटी गारगोटीइतकी कठीण नसते; पांढरं दिसतं ते पाटीचंच चूर्ण.

घनता मोजायला संचात काहीच नाही, आणि ही उणीव मोठी आहे, कारण नागपूरचा सगळ्यात बोलका दगड वजनानेच ओळखू येतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. दगड कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याने पाण्यात लोंबकळता धरा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंमी त्या दगडाचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. पेटीतला ३० ग्रॅमचा तुकडा इथे कामाचा नाही: आकारमान दहाच्या आसपास येतं आणि काटा एक ग्रॅमने चुकला की उत्तर दहा टक्क्यांनी हुकतं. २०० ग्रॅमच्या वरचा दगड घ्या. काळा पाषाण २.९ च्या आसपास येईल, सच्छिद्र असेल तर कमी. नाईस २.६-२.७. मँगनीजचं धातुक हातात घेतल्याबरोबरच खाली ओढतं. चांगल्या तुकड्याची घनता चाराच्या वर.

हे नमुने कुठून? काळा पाषाण म्हणजे बांधकामावरची गिट्टी. त्यातच शोधलं तर पोकळ्या भरलेली पांढरी खनिजं आणि गारेचे खडे सापडतात. सीताबर्डीची टेकडी याच लाव्ह्याची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या दख्खनच्या लाव्ह्याची पूर्व कड आपल्या शहरातून जाते, म्हणून पश्चिम नागपुरात बोअर खणणाऱ्याला जो दगड लागतो तो पूर्वेकडच्याला लागत नाही. कामठीचा वालुकाश्म जुन्या बांधकामांत आहे. पाडलेल्या भिंतीचा तुकडा मालकाला विचारून घ्या. मँगनीज आणि अभ्रकाचा खडक मनसर-कांद्रीकडच्या रस्त्याकडेच्या भरावात दिसतो, खाणीच्या हद्दीत मात्र पाय टाकू नका. नागपूरच्या टाकळीचे जीवाश्म स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात गोळा केले आणि नागपूर भूविज्ञानाच्या नकाशावर आलं. हा माणूस १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेला. आपण मात्र जीवाश्म जागेवरच राहू द्यावेत.

राहिले पत्ते. चाळीस पत्ते, प्रत्येकावर एक संपत्ती, ‘संपणारी’ आणि ‘न संपणारी’ असे दोन ढीग करायचे. खेळ चालतो, माहिती चालत नाही. रेती आणि माती ‘न संपणारी’मध्ये टाकली आहेत. नदी रेती आणते हे खरं, पण तिच्या गतीने; रेतीघाटातून उपसा त्याहून वेगाने झाला की पात्र खोल जातं, काठच्या विहिरींचं पाणी उतरतं. मातीचा एक सेंटिमीटर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, ट्रेतल्या उघड्या पट्ट्यावरून तो एका पावसात जाताना मुलांनी पाहिलेला असतो. तिसरा ढीग करा: ‘परत येते, पण आपल्या हयातीत नाही’. कोळशाच्या पत्त्यावर फक्त वीज आहे, राख नाही. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांशेजारी राहणाऱ्या मुलाला हा पत्ता अर्धवट वाटणारच. मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः लिहून घ्या: एक किलो कोळसा जाळला की तीनशे ते साडेचारशे ग्रॅम राख, आणि तिच्यातून विटा. वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) नागपूर भागात कोळशावरच्या थरातून रेती वेगळी काढून विकायला सुरुवात केली, तोही पत्ता घाला. तो थर वालुकाश्माचा, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नद्यांची रेतीच. मँगनीजच्या पत्त्यावर ‘बॅटरी’ लिहिलंय. बॅटरीत जातं ते थोडं, बहुतांश मँगनीज पोलादाच्या भट्टीत जातं.

घ्यायचा असेल तर दुकानातच खोकं उघडून तीन गोष्टी बघा. ट्रेचा तळ सपाट फळीवर ठेवून डुलतो का, कसपाटी एका बाजूने तरी खरखरीत आहे का (दोन्ही बाजूंनी चकाकी असलेल्या टाइलवर कस उमटत नाही), आणि कोळसा पाण्यात बुडतो का. दुकानदार कुरकुरेल, एक ग्लास पाणी मागायला काय जातं. शाळेसाठी घेत असाल तर चाळीस मुलांमागे एक संच पुरत नाही. एका ट्रेभोवती सहाच मुलं नीट उभी राहतात. संच एकच घ्या आणि जास्तीचे ट्रे नर्सरीच्या दुकानातून, गमल्यांखाली ठेवतात तसले लांबट, खोल बघून घ्या. बाहेरचं भोक तापवलेल्या खिळ्याने पडतं. काम झाल्यावर रेती बेसिनमध्ये धुऊ नका, नळाची मोरी तुंबते. गच्चीवर गोणपाटावर पसरून वाळवा, पुन्हा चाळा आणि झाकणाच्या बादलीत भरा, नाहीतर पुढच्या वेळेपर्यंत मांजरीने तिचा वापर सुरू केलेला असतो.